गेटबाहेर गेलेल्या मेलची नक्कल

ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, आणि चोरट्या दारूच्या गाड्या तर इतक्या पकडल्या की ती सगळी दारू मधुबन धरणाच्या पाण्यात ओतली असती तर दुधनीचे मासे आठवडाभर झिंगून स्वतःहून जाळ्यात शिरले असते. असल्या गोष्टी मी रंगवून सांगतो, हे घरच्यांना ठाऊक आहे. बायको म्हणते, तुमच्या गोष्टीतला चोर दरवर्षी वीतभर उंच होतो. होऊ दे. पण या एका प्रकरणात मात्र मला काही वाढवता आलेलं नाही. नावं कुणाचीच देत नाही. यातली काही माणसं अजून सायली गावाकडच्या कारखान्यांच्या रस्त्यानेच कामाला जातात.

मी तेव्हा सिल्व्हासाला पोलीस निरीक्षक होतो. हद्दीत कारखाने इतके की सकाळी शिफ्टचे भोंगे एकदम वाजायला लागल्यापासून तिथल्या कोंबड्यांनी लाजून आरवणं सोडलं होतं. ठाण्यात येणारा माणूस तक्रार हिंदीत सुरू करायचा, चिडला की गुजरातीत जायचा आणि रडू फुटलं की थेट आपल्या गावच्या बोलीवर यायचा. माझा हवालदार दुधनीकडचा, वारली. तो म्हणायचा, "साहेब, खरा जबाब पाहिजे तर माणूस बोली बदलेपर्यंत थांबा." हे वाक्य मी पुढे प्रशिक्षणाच्या वर्गांत स्वतःच्या नावावर खपवलं.

त्या दिवशी जेवायची सुट्टी संपता संपता फोन आला. सायलीच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात अपघात. पोहोचलो तर गेटवर पहारेकरी अजूनही लोकांचे मोबाइल जमा करून घेत होता. कारखान्याचा तो नियमच होता: मोबाइल गेटवर ठेवायचा, बाहेर जाताना डबासुद्धा उघडून दाखवायचा. आत माणूस मेला होता आणि याने माझ्याकडेही फोन मागितला. मी नुसतं बघितलं. माझ्या त्या बघण्याने एकदा एका ट्रकचं इंजिन बंद पडलं होतं; पहारेकरी तर साधा माणूस.

आत प्लॅस्टिकचे दाणे आणि रंगाची भुकटी घुसळणारा मोठा मिक्सर होता. टाकी माणसाच्या छातीएवढी उंच, तळाला पाती. टाकीच्या झाकणाला एक स्विच असतो. झाकण उघडलं की त्या स्विचमुळे मशीन चालूच होऊ नये, अशी सोय. पंचनाम्यात दिसलं ते असं: स्विच तुटलेला होता आणि त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणजे झाकण उघडं असलं तरी मशीन चालणार. एक कामगार तळाचा चिकटलेला रंग खरवडायला आत वाकला होता. बटणाच्या बाजूने तो दिसत नव्हता. तिकडच्या माणसाने पुढचा घाणा सुरू केला.

पुढचं लिहीत नाही. पोरगा पंचविशीच्या आतला, खानदेशातल्या एका खेड्यातला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते.

त्या शिफ्टचा सुपरवायझर त्याच खेड्यातला. आपल्याकडे पद्धतच आहे, एकाने इकडे पाय रोवले की तो गावची पोरं एकेक करून घेऊन येतो, स्वतःच्या खोलीत ठेवतो, कामाला लावतो. या पोरालाही यानेच आणलं होतं. आम्ही गेलो तेव्हा सुपरवायझर मिक्सरशेजारी जमिनीवर बसला होता, आणि कामगारांपैकी कुणी त्याच्याजवळ उभं नव्हतं.

फिर्याद कारखान्याच्या मॅनेजरने दिली. मॅनेजर म्हणजे एकदम इस्त्रीचा माणूस. बूट असे चकचकीत की त्यात मला माझी टोपी वाकडी आहे हे दिसलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: सुपरवायझरने उत्पादन वाढवून दाखवण्यासाठी परस्पर वायरी जोडल्या, कुणाला कळवलं नाही, त्यातून मृत्यू झाला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला, सुपरवायझरला अटक केली.

चौकशीची माझी पद्धत साधी. समोर बसवायचं आणि चहा मागवायचा. ठाण्यासमोरच्या टपरीचा चहा इतका भयंकर होता की दुसरा कप चुकवण्यासाठी लोकांनी खून कबूल केलेत. सुपरवायझरला त्याची गरज पडली नाही.

"वायरी मीच जोडेल आहेत, साहेब," तो पहिल्याच वाक्यात म्हणाला.

मग हळूहळू बाकीचं आलं. स्विच तुटला, नवा मागवला होता, तो येईना. मॅनेजरने तोंडी सांगितलं, तोपर्यंत जोडून चालव. त्याने जोडलं. पण हे धोक्याचं आहे, मशीन बंद ठेवू द्या, असं त्याने मॅनेजरला मेल करून कळवलं होतं. तोंडी तक्रार तिथे चालत नसे. जे काय असेल ते मेलवर, आणि तेही इंग्रजीत, कारण मालक आणि मोठं ऑफिस मुंबईला.

मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, असा मेल मला आलेलाच नाही. कंपनीचा कॉम्प्युटर तपासला, तर मॅनेजरच्या पेटीत तसा मेल नव्हता आणि सुपरवायझरची मेलपेटीच गायब. अटक झाल्यावर कंपनीने नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं होतं, आतल्या सगळ्या टपालासकट.

म्हणजे उरला एकट्या सुपरवायझरचा शब्द, आणि त्याच्याच हातच्या जोडलेल्या वायरी. तुरुंगात तोच जाणार हे उघड होतं. त्याला मात्र भीती निराळीच होती. तो म्हणाला, "साहेब, तुरुंगाचं काही नाही. पण गावात सांगतील की यानेच नेलं अन् यानेच मारलं. मी लिखेल होतं, एवढं तरी त्याच्या बापाला कळायला पाहिजे."

अशात मॅनेजर एकदा एकटाच मला भेटायला आला. खुर्ची पुढे ओढली, आवाज उतरवला. "साहेब, एक आतली खबर देतो. हा माणूस फुटलेला आहे. आमच्या मशीनची माहिती बाहेर पुरवतो." आणि त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. सुपरवायझरच्या कंपनीच्या मेलवरून एकाच बाहेरच्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा मेल गेले होते. विषय कधी मिक्सर, कधी कच्चा माल, कधी मशीनचा बिघाड. आतला मजकूर मात्र नव्हता. ते म्हणे व्यवसायाचं गुपित.

मी विचारलं, त्याचं खातं तर पुसलं, मग हे कुठून आलं? यावर गडी असा फुलला की खुर्ची अपुरी पडली. म्हणाला, कर्मचाऱ्याने काहीही पुसलं तरी आमच्याकडे राहतं. कंपनीबाहेर जाणारा प्रत्येक मेल सर्व्हरमधून पुढे निघतानाच त्याची एक नक्कल बाजूला पडते. पाठवणाऱ्याला पत्ता नसतो, आणि ती कुणाला खोडताही येत नाही.

मी सुपरवायझरला तो बाहेरचा पत्ता दाखवून विचारलं, हा कोण? तो खालीच बघत राहिला. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. टपरीचे दोन कप पाजले, तरी बोलेना. आता मलाही वाटायला लागलं की मॅनेजर म्हणतो त्यात तथ्य असावं. खरं बोलणारा माणूस मध्येच गप्प झाला की पोलिसाच्या नाकाला वास येतो, आणि माझं नाक तर वापीचा रासायनिक धूर सिल्व्हासात बसून ओळखणारं.

सायबरवाल्या सहकाऱ्याने त्या पत्त्यामागचा मोबाइल नंबर काढला. मी जीप काढली, साध्या कपड्यातले दोन शिपाई घेतले, औद्योगिक हेर धरायचा म्हणून हवालदाराने काठीलाही तेल लावलं. पत्ता निघाला सिल्व्हासातल्याच एका सरकारी शाळेचा. हेर आठवीच्या वर्गात इंग्रजीचा भूतकाळ शिकवत होता. आम्हाला दारात बघून त्याच्या हातातला खडू खाली पडला, आणि पोरांना वाटलं आज सुट्टी.

हे मास्तर कोकणातले, सुपरवायझरच्या शेजारच्या इमारतीत राहणारे. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांना पाणी पाजलं तेव्हा उलगडा झाला. सुपरवायझर आयटीआय शिकलेला, तोही मराठीतून. मॅनेजरला इंग्रजीत मेल लिहायचा म्हणजे त्याला घाम फुटायचा. म्हणून तो मोडकातोडका मसुदा आधी मास्तरांना पाठवायचा. मोबाइल गेटवर अडकलेला, त्यामुळे कंपनीच्याच मेलवरून. मास्तर मधल्या सुट्टीत तो सुधारून परत पाठवायचे आणि मग तो नीटनेटका मजकूर मॅनेजरकडे जायचा. एका कारखान्याची सगळी रडगाणी अशी आधी सरकारी शाळेत जाऊन, शुद्ध होऊन परत यायची.

"त्या मिक्सरचा मेल दाखवा," मी म्हटलं.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. अपघाताची बातमी कळली त्या दिवशी त्यांनी सगळं पुसलं होतं. सरकारी नोकरी, निलंबनाची भीती. सुपरवायझर का गप्प बसला तेही कळलं. मास्तरांनीच निरोप पाठवून हात जोडले होते, माझं नाव घेऊ नकोस.

पण मेल पुसण्यामागे भीती हे अर्धंच कारण असावं. आम्ही निघताना मास्तर मागून व्हरांड्यात आले. हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्याने 'माणूस मरेल' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, वरिष्ठांना असं लिहीत नाहीत. मी त्याचं 'अनुचित प्रसंग टाळावा ही नम्र विनंती' असं केलं."

हवालदाराने जीपमध्ये काठी मागच्या सीटखाली सरकवून दिली.

आता त्या मेलची नक्कल जगात एकाच ठिकाणी असणार होती: कंपनीच्याच सर्व्हरमध्ये. सर्व्हर सांभाळणारा माणूस वापीचा. त्याला बोलावला. तो कॉम्प्युटरची भाषा बोलायला लागला की मला आमच्या कोर्टातले वकील सोपे वाटायला लागले, म्हणून म्हटलं, जरा माणसासारखं सांग. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, गेटवरच्या डब्यासारखं समजा. बाहेर जाणारा डबा पहारेकरी उघडून बघतो. आत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काय गेलं ते तो बघत नाही." सुपरवायझरने मॅनेजरला केलेला मेल आतल्या आत फिरला, त्याची नक्कल पडलीच नाही, आणि खात्याबरोबर तो पुसला गेला. मास्तरांना गेलेला मसुदा गेटबाहेर पडला होता. तो होता.

मजकूर द्यायला मॅनेजर कां कू करायला लागला. मी त्याचाच छापील कागद त्याच्यापुढे धरला. असे मेल नाहीतच असं म्हणायची सोय आता त्याला राहिली नव्हती. खबर त्यानेच दिली होती. पंचांसमोर नक्कल घेतली, कोर्टाला लागतं ते प्रमाणपत्र सर्व्हरवाल्याकडून भरून घेतलं.

मेल छोटा होता. अर्धं इंग्रजी, अर्धं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. झाकणाचा स्विच तुटला आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वायरी डायरेक्ट केल्या. पोरं आत वाकून साफ करतात, बटणावरच्याला दिसत नाही. नवा स्विच येईस्तोवर मशीन बंद ठेवू का? आणि शेवटी: मॅन विल डाय.

मला वाटलं, झालं काम. पण मॅनेजरचा वकील आमच्यापेक्षा हुशार निघाला. म्हणाला, हे पत्र शाळामास्तरला गेलंय. माझ्या अशिलाला काय स्वप्न पडणार होतं? मुद्दा बरोबर होता.

पुन्हा सुपरवायझरसमोर बसलो. मास्तर सापडले हे सांगितल्यावर त्याच्या छातीवरचा दगड उतरला आणि तो मोकळा बोलू लागला. बोलता बोलता सहज म्हणाला, "उलटी मलाच नोटीस मिळेल होती, साहेब. माहिती बाहेर पाठवतो म्हणून."

मी हातातला कप खाली ठेवला. नोटीस कधी? तर अपघाताच्या आधी. कुठल्या मेलवरून? ते त्याला माहीत नव्हतं. कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी बोलावलं, इंग्रजी कागदावर सही घेतली, पुन्हा असं करू नकोस म्हणाल्या. कागद त्यांनीच ठेवून घेतला.

त्या बाईंना मी दिवसाउजेडी, महिला शिपाई शेजारी बसवून बोलावलं. मुंबईकडच्या, चाळिशीच्या, कामात चोख. बाहेर जाणारे सगळे मेल दर आठवड्याला चाळून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. नोटीस त्यांनी स्वतःहून फाइलमधून काढून दिली. त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. नोटिशीला संशयित मेलची छापील प्रत जोडायची आणि दोन्हींवर मॅनेजरची सही घ्यायची, ही तिथली पद्धत. जोडलेला मेल मिक्सरचाच होता. 'बंद ठेवू का' या ओळीच्या बरोबर बाजूला, समासात, मॅनेजरची सही.

आरोपपत्राला एवढं पुरेसं होतं. तरी मी तो कागद बाईंच्या पुढे केला आणि म्हटलं, "मॅडम, मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. स्वच्छ, सराईत आवाज. शेवटच्या ओळीशी आल्या आणि थांबल्या. पुन्हा वरून मनातल्या मनात वाचलं.

"हा मेल तुम्ही त्या वेळी वाचला होता?"

"वाचला होता."

"त्यावर काय केलंत?"

"माहिती बाहेर गेली म्हणून नोटीस काढली."

"आणि यात लिहिलंय त्याचं?"

महिला शिपायाने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सर, मला फक्त बाहेर काय जातं तेवढंच बघायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मग रडल्या, त्याही मुंबईच्या मराठीत.

मॅनेजर दुसऱ्या बैठकीत मोडला. सही बघितल्यावर म्हणाला, मी न वाचता सही केली, दिवसाला शंभर कागद येतात. असेलही तसं. पण मशीन जोडून चालव असं सांगितल्याचं त्याने शेवटी मान्य केलं. आरोपपत्रात त्याचं नाव वर चढलं. सुपरवायझरचं नाव मला खोडता आलं नाही, कारण वायरींना हात त्याचा लागला होता. कोर्टाने पुढे त्याला सोडलं. मॅनेजरला शिक्षा झाली, ती अपिलात लटकली. एचआरच्या बाई साक्षीला आल्या, खरं बोलल्या आणि नोकरी सोडून गेल्या. मालक मुंबईला, त्यांनी कधी काहीच वाचलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारू शकलं नाही. आणि कंपनीने या सगळ्यातून धडा घेतला. वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी मेलच्या नकला ठेवणं बंद केलं.

मधे एक प्रसंग राहिला. मेलेल्या पोराचा बाप जबाबासाठी गावाहून आला होता. डोक्यावर टोपी, पायात नव्याच चपला, बहुतेक प्रवासासाठी घेतलेल्या. सुपरवायझर तेव्हा जामिनावर सुटलेला होता आणि ठाण्याच्या आवारात त्याची वाट बघत थांबला होता. मी मुद्दाम दोघांना माझ्या खोलीत बसवलं. तो मेल मराठीत करून म्हाताऱ्याला वाचून दाखवला. याने काय लिहिलं, कुणी सही केली, सगळं समजावलं. मला वाटलं होतं, आता म्हातारा उठून याच्या खांद्यावर हात ठेवील.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग सुपरवायझरकडे बघून विचारलं, "तू लिखेल होतं ना, भाऊ? मंग मशीन कशाले चालू ठेवलं?"

हवालदार उगाचच खिडकी उघडायला गेला. ती उघडीच होती.

पोलीस खात्यात जन्मभर मी माणसांना एकच सांगत आलो होतो: लेखी द्या. लेखी असलं की पुरावा होतो, हे खोटं नाही. याच प्रकरणात त्या एका नकलेने एक माणूस तुरुंगातून वाचवला. पण पुरावा लागतो तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. लिहिणाऱ्याला वाटतं, मी कळवलं, आता वरचे बघतील. वरचा वाचतो, पण त्याला दुसरंच काहीतरी शोधायला बसवलेलं असतं. या दोघांच्या मधे मशीन चालूच राहतं. तेव्हापासून कुणी लेखी तक्रार घेऊन आलं की मी कागद घ्यायच्या आधी विचारायचो, ते जे काय आहे ते आत्ता, या क्षणी चालू आहे का बंद? खालचे शिपाई मागे हसायचे. हसू देत.

निवृत्तीनंतर एकदा खडोलीला गेलो होतो. टपरीवर मागून कुणीतरी "साहेब" म्हणून हाक मारली. सुपरवायझर. केस पिकलेले, खिशाला वेगळ्याच कंपनीचं ओळखपत्र. गावाला जातोस का, असं विचारलं, तर त्याने विषय बदलला. मग मी विचारलं, अजून मेल लिहितोस का?

"लिहितो. पण आधी मशीन बंद करतो, साहेब. मग लिहितो."

"आणि मॅनेजर?"

"मॅनेजर पळत येतो," तो चहा फुंकत म्हणाला. "ही तिसरी कंपनी. आला की शिव्या देतो, नोकरीवरून काढतो. पण येतो."